बिराजदार काकांच्या नावाचा नियम

काका,

आपल्या पक्षीनिरीक्षण मंडळानं तुमच्या नावाचा एक नियम केला आहे. गेल्या रविवारी तुमच्यासाठी सगळे जमलो होतो तेव्हा मंडळ चालवणाऱ्या डॉक्टरांनी तो वाचून दाखवला. 'किनाऱ्यावर वाळूत उतरलेल्या प्रत्येकानं ठरलेल्या वेळेच्या आधी परत फिरायचं, समोर कोणताही पक्षी दिसत असला तरी.' याला 'बिराजदार नियम' म्हणायचं, आणि दर हिवाळ्यात समुद्रावरच्या मेळाव्यात पहिल्या सकाळी तो मोठ्यानं वाचायचा, असं ठरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्या अर्ध्यावरच थांबल्या.

मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर होते. नेहमीची जागा.

यादीची वही सांभाळणाऱ्या शैलाताई म्हणाल्या, मंडळाच्या वार्षिक अंकात तुमच्यावर मीच लिहायचं. "तूच होतीस की त्यांच्याबरोबर. ती वाळूवर अडकल्याची गंमत लिही. हसरं लिही गं, काकांना रडगाणं आवडायचं नाही." मी हो म्हटलं. मला नाही म्हणता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. हो म्हणायच्या वेळी हो म्हणता येत नाही, हेही तुम्हालाच ठाऊक आहे. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचावं, पण बोलते आहे ते तुमच्याशी.

आपली ओळख आईमुळे झाली. कॉलेज संपल्यापासून मी घरातल्याच एका खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. दिवसभर कानावर हेडफोन, समोर तीच भिंत. आई म्हणाली, "चार माणसांत जा, नाहीतर बोलायचं विसरशील." म्हणून एका रविवारी होटगीच्या तलावावर आले. वीसेक माणसं होती, सगळी एकमेकांना ओळखणारी. मला पुस्तकातून पाठ केलेली पक्ष्यांची इंग्रजी नावं येत होती आणि त्यातलं एकही मोठ्यानं म्हणायचं धाडस नव्हतं. तुम्ही शेजारी येऊन उभे राहिलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "मॅडम, तो शेपूट हलवतोय बघा काठावर, त्याला तुमच्या पुस्तकात काय म्हन्त्यात?" मी पुटपुटले. "आमी धोबी म्हन्तो. तुमचं पुस्तक बी बरोबर आन् आमी बी बरोबर."

तेव्हापासून मी तुमची मॅडम झाले. इंग्लिश मीडियमवरून मंडळात सगळेच चिडवायचे, पण तुमच्या 'मॅडम'मध्ये टोचणारं काही नव्हतं. तुम्ही ते कीमनच्या सुरात म्हणायचात, साहेबांना हाक मारल्यासारखं.

कीमन हा शब्दसुद्धा मला तुमच्याकडून कळला. रेल्वेत तुम्ही आयुष्यभर तेच काम केलंत. आपल्या वाट्याच्या रुळावरून रोज चालत जायचं, रूळ धरून ठेवणारी प्रत्येक चावी जागेवर आहे का बघायचं, सुटलेली हातोड्यानं बसवायची आणि वहीत लिहायचं. चालता चालता तारेवरचे पक्षी दिसायचे, त्यातून हा नाद लागला. एकदा मी विचारलं, कंटाळा येत नव्हता का? तुम्ही म्हणालात, "येत हुता की. पर न बघता 'ठीक हाय' लिवलं तर वहीला कळत न्हाय, साहेबाला कळत न्हाय. गाडी मातर त्याच्यावरनंच जाती."

हे मला तेव्हा नुसतं ऐकायला छान वाटलं. माझ्यावर त्याचा प्रयोग उजनीला झाला.

आपल्या मंडळाची जुनी रीत आहे. दिवस मावळला की जेवणाआधी यादी वाचायची. शैलाताई एकेक नाव घेतात आणि ज्यानं पाहिला तो 'पाहिला' म्हणतो. नेहमीच्या पक्ष्याला एकजण पुरतो, नव्या पक्ष्याला दोघं लागतात. दोघं नसली तर नाव खोडतात. आणि दोघं निघाली तर लगेच पुढचा प्रश्न येतो, आधी कुणाला दिसला? ते नाव पक्ष्याच्या पुढं लिहितात. उजनीच्या पाण्यावर तुम्ही यादीत नसलेला एक ससाणा सांगितलात, कुणीच दुसरा निघेना. मला वाईट वाटलं. मी तेव्हा केळीच्या बागेकडे बघत होते, तरी म्हटलं, "पाहिला." तुम्ही सगळ्यांसमोर काही बोलला नाहीत. शैलाताईंना म्हणालात, "ऱ्हाऊ द्या, माजीच खात्री न्हाय, खोडा." मग टेम्पोकडे जाताना मला बाजूला घेतलंत.

"तुमी बघिटला न्हाई."

"सॉरी काका."

"बघिटलं न्हाय तर बोलायचं न्हाय. आन् बघिटलं आसंल तर गप बसायचं न्हाय. दोनी खोटंच हाय, मॅडम."

मला राग आला होता. तुमच्यासाठीच बोलले होते ना? दोन आठवडे मी आले नाही. तिसऱ्या आठवड्यात तुमचा फोन आला, "रविवारी येनार का? धोबी विचारतोय." आणि मी आले. त्या भांडणात मी माझी बाजू कधी मांडलीच नाही. आज ती मांडायला माझ्याकडे उरलीही नाही.

आता समुद्र.

सोलापूरच्या माणसाला समुद्राचं काय कळतं, हे जानेवारीतल्या त्या मेळाव्यात मला समजलं. आपलं पाणी म्हणजे उजनी. ते महिनोन् महिने चढतं, महिनोन् महिने उतरतं. काठावर एक काटकी रोवून घरी गेलं आणि पुढच्या रविवारी आलं तरी चालतं. तुम्ही तरी विचारून घेतलं होतंत. खाडीच्या मुखाशी होडीवाल्याला तुम्ही दोनदा विचारलंत, पाणी कधी चढणार? तो म्हणाला, "नवाच्या आत मागे येवा. मगे नळीत पाणी भरतला." नळी म्हणजे किनारा आणि वाळूचा पट्टा यांच्यामधली खोलगट वाट. सकाळी सातला ती ओलांडताना पाणी नडगीला लागत होतं. तुम्ही पँट दुमडून हसत होतात, "एवढासा समिंदर! आमच्या होटगीच्या वड्याला जास्त पानी हाय."

बाकी मंडळ खाडीच्या दुसऱ्या बाजूला, खारफुटीत होतं. पट्ट्यावर आपण दोघंच. समोर कुरव आणि सुरय यांचा मोठा थवा वाऱ्याकडे तोंड करून बसलेला. तुम्ही दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतात. हे मी मुद्दाम लिहिते आहे. दर पाच मिनिटांनी.

पावणेनऊला तुम्ही म्हणालात, "मॅडम, परत फिरू."

मी म्हटलं, "एक मिनिट, काका."

कुरवांच्या मागं काहीतरी उभं होतं. कुरवांपेक्षा उंच, पांढरं, पाठीवर काळा पट्टा. डोकं पलीकडे वळवलेलं. चोच दिसल्याशिवाय काही सांगता येत नव्हतं. माझ्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, मला ते पान माहीत होतं, आपल्या मंडळाच्या यादीत तो पक्षी नव्हता हेही माहीत होतं. मी दुर्बीण खाली घेतलीच नाही.

"कुटं?" तुम्ही विचारलंत. मी दाखवलं. तुम्हाला सापडेना.

"नऊ वाजायला आलं," तुम्ही म्हणालात. "चला आता. फिरू."

"काका, प्लीज. त्यानं फक्त मान वळवू दे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. दोन वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं. पाण्याची बाटलीसुद्धा नाही. मग तुम्ही घड्याळ बाहीखाली सारलंत आणि म्हणालात, "बरं. बघू द्या मानेचं काय करतोय ते."

त्यानं मान वळवायला अर्धा तास घेतला. जाड, काळी, सरळ चोच. मग तो चार पावलं पळाला, थबकला, वाळूत चोच खुपसली आणि एक खेकडा बाहेर काढला. मी नाव सांगितलं, क्रॅब प्लव्हर. तुम्हालाही तोवर तो सापडला होता. तुम्ही म्हणालात, "पळनं तर टिटवीचं हाय. खेकड्याची टिटवी म्हना की." हे नाव कुठल्याच पुस्तकात नाही. मग आपण मागं वळलो आणि नळी भरलेली दिसली.

समोरचं पाणी जिथल्या तिथं होतं. आपण समोरच्याच पाण्यावर लक्ष ठेवलं होतं, धरणाच्या काठावर ठेवतात तसं. समुद्र पाठीमागून आला. तुम्ही काठी घेऊन उतरलात. कमरेपर्यंत गेलात, काठी वाकली, परत आलात. "न्हाय जमत. लई वढ हाय." मला पोहता येत नाही. तुम्हाला येत होतं. तुम्ही एकटे गेला असतात तर पोचला असतात.

तुमचा फोन नळीत भिजला होता आणि माझ्या फोनची बॅटरी संपत आली होती. तुम्ही डॉक्टरांना फोन लावायला लावलात, डॉक्टर म्हणाले होडी शोधतो, आणि तुम्ही फोन बंद करून ठेवायला सांगितलात. त्यानंतर जवळजवळ दोन तास. पट्टा चारी बाजूंनी आकसत होता. मी आधी रडले नाही, मग रडले. तुम्ही पिशवीतून कडक भाकरी काढलीत, तिच्यावर शेंगाचटणी घातलीत आणि माझ्या हातात दिलीत.

"मला नको."

"खावा. बुडायचंच आसंल तर भरल्या पोटानं बुडू."

मला हसू आलं नाही. आज येतं, आणि कुणाला सांगू म्हटलं तर सांगायला कुणी नाही.

जागा कमी होत गेली तसे पक्षीही आपल्याकडे सरकले. त्यांनाही बसायला तेवढीच वाळू होती. शेवटी तो पक्षी आपल्यापासून बारा-पंधरा पावलांवर उभा होता. दुर्बीण लागत नव्हती. त्याचे राखी-निळे पाय, पापणी मिटताना डोळ्यावर येणारा पडदा, सगळं दिसत होतं. मी त्याच्याकडे बघतच नव्हते, पाण्याकडे बघत होते. तुम्ही माझा खांदा धरून मला वळवलंत.

"बघा की, मॅडम. आता तर कुटं जायाचं न्हाय. बघा नीट."

मी बघितलं. आयुष्यात एवढ्या जवळून, एवढा वेळ, एवढ्या भीतीनं मी काही बघितलेलं नाही. हे तुमचं माझ्यावरचं सगळ्यात मोठं ऋण आहे, आणि त्या दिवशी संध्याकाळी मी ते नाकारलं.

होडी आली. किनाऱ्यावर डॉक्टर उभे होते. दातांचे डॉक्टर असूनही ते तेव्हा दात आवळून बोलत होते. "काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. ही लहान पोर बरोबर, आणि तुम्ही पक्षी बघत बसलात?" शैलाताईंनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला होता. मी तोंड उघडलं. त्याआधी तुम्ही बोललात.

"चूक माजी, डॉक्टर. घड्याळाकडं ध्यान न्हाय ऱ्हायलं."

मी तोंड मिटलं. टॉवेल गरम होता. सगळे मला 'बिचारी' म्हणत होते. मी स्वतःला सांगितलं, अंग वाळलं की सांगेन. चहा झाला की सांगेन. मग डॉक्टर जरा शांत झाले की.

संध्याकाळी यादी आली. शेवटी शैलाताईंनी विचारलं, "आणखी कुणाचं काही?" तुम्ही म्हणालात, "खेकड्याची टिटवी, म्हंजे ते मॅडमच्या पुस्तकातलं क्रॅब प्लव्हर. एक." लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "काका, घाबरल्यावर देवसुद्धा दिसतो, प्लव्हरचं काय घेऊन बसलात!" डॉक्टरांनी फोटो विचारला, फोटो नव्हता. मग शैलाताई माझ्याकडे वळल्या.

"केतकी, तू पाहिलास?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. आधी कुणाला दिसला? त्याचं उत्तर मी खरं दिलं असतं तर तिसरा प्रश्न आला असता, मग थांबलं कोण? मी तिन्ही प्रश्न एका क्षणात ऐकले. मला गर्दीत माझं नाव घेतलेलंसुद्धा सहन होत नाही.

मी म्हटलं, "मला नीट दिसलं नाही. मी घाबरले होते."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. वहीकडे बघून म्हणालात, "एकट्याचा हाय. मग खोडा."

शैलाताईंनी खोडलं. जेवताना डॉक्टर म्हणाले, पुढच्या हिवाळ्यापासून वाळूवर तरुण मंडळी पुढं राहतील, काकांनी निवांत यायचं, पाहुण्यासारखं. तुम्ही म्हणालात, "व्हय, बरोबर हाय." ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक चावी न बघता सोडली नाही, त्याला पाहुणा केलं, आणि मी समोर बसून भात कालवत होते.

परतीच्या प्रवासात तुम्ही मला खिडकी दिलीत आणि शेजारी बसलात. कोकणातून सोलापूर, अख्खा दिवस. घाट चढला, मोहोळ मागं पडलं. मला उठून दुसरीकडे जाता येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही मला पेरू कापून दिलात.

त्यानंतर तीन रविवार आपण होटगीला भेटलो. तिसऱ्या रविवारी मी घरून वाक्य पाठ करून आले होते. 'काका, मला सांगायचंय.' तुम्ही तलावाच्या बांधावर थांबलात, गवतातला पक्षी बाहेर यायची वाट बघताना थांबता तसे, अजिबात न हलता. तुम्हाला कळलं होतं. मी म्हटलं, "काका, तुमच्या सायकलची चेन सैल झालीय का?"

"व्हय," तुम्ही म्हणालात. "बघाय पायजे."

गुरुवारी दुपारी जेवून तुम्ही पडलात आणि उठला नाहीत.

म्हणून त्या शोकसभेत, टाळ्या थांबल्यावर, मी उभी राहिले. मंडळात उभी राहून मी याआधी कधी बोललेले नाही. बाकाला धरलं आणि डॉक्टरांकडे बघून म्हटलं,

"सर, ते माझ्यामुळे झालं."

"काय झालं?"

"काका परत फिरू म्हणाले होते. दोनदा म्हणाले. मी थांबवलं. आणि तो पक्षी होता. आधी मला दिसला होता."

मला वाटलं, सुटले. मग डॉक्टरांनी चष्मा काढला आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "केतकी, बस. तुला काय होतंय ते आम्हाला कळतं." पुढून कुणीतरी म्हणालं, "पोरीनं लई मनाला लावून घेतलंय." शैलाताई पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि मला जवळ घेतलं. मी त्यांच्या खांद्याआडून म्हणत होते, "खरंच, ताई, खरंच." त्या म्हणाल्या, "हो गं राणी, हो."

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य मला रोज ऐकू येतं. ते वाईट हेतूनं बोलले नाहीत. "चूक माझी, असं काका स्वतः आमच्यासमोर म्हणाले. काका खोटं बोलले असं म्हणायचंय का तुला?"

काका, मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही बेफिकीर नव्हता हे सांगायचं तर तुम्ही खोटं बोललात हे सांगावं लागतं. तुमचं एक नाव वाचवायला गेले की दुसरं जातं. आणि तुमच्या शब्दावर सगळ्यांचा इतका विश्वास आहे की तुमच्या एका खोट्यासमोर माझं खरं उभंच राहत नाही. मी खाली बसले. तेव्हापासून मी त्या बाकावरून उठलेलीच नाही असं वाटतं. काम करते, जेवते, आईशी बोलते, पण आतून तिथंच, बाटली हातात घेऊन.

दोन दिवसांनी मी होटगीला तुमच्या घरी गेले. काकू दारात शेंगा फोडत होत्या. मला बघून कानडीत म्हणाल्या, "बा यव्वा, कुंद्रु." एवढं कानडी मला तुमच्यामुळं कळतं, ये बाई, बस. मी बसले आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. सुरुवातीपासून, न थांबता. त्यांनी शेंगा फोडायचं थांबवलं नाही.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"घरी आल्या आल्या सांगिटलं त्येंनी. पोरीला आदी दिसला, पोरगीच थांब म्हन्ली. मी म्हन्लं, मग तुमी का वडून घेतलं अंगावर? तर म्हन्ले, बोलंल ती. टाइम लागतोय तिला. रविवारी आले की मी इचारायची, बोलली का? न्हाय म्हनायचे. पुढच्या रविवारी परत इचारायची."

तीन रविवार तुम्ही घरी जाऊन 'न्हाय' म्हणालात.

"डॉक्टर म्हणतात, काका खोटं बोलणार नाहीत," मी म्हटलं.

काकू हसल्या. तुम्ही गेल्यापासून मी कुणाला असं हसताना पाहिलं नव्हतं. "बोलले की! लग्नात वय तीन वर्सं कमी सांगिटलं हुतं. आन् गुळाच्या डब्यात हात घालून, मी न्हाय म्हनायचे, मिशीला गूळ तसाच. लई सरळ म्हनून नाव हुतं, त्येच्या जिवावर पचायचं." मग हसू गेलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "पर तू उशीर केलास."

सभेत सगळ्यांनी मला पाणी दिलं, जवळ घेतलं, माझं काही चुकलं नाही म्हणून सांगितलं. माझं चुकलं हे मला सांगणारी एकच व्यक्ती भेटली आणि तिला तसं म्हणायचा सगळ्यात जास्त हक्क होता. मी म्हटलं, "हो काकू."

"त्या नियमाचं काय मग? त्येंच्या नावानं वाचनार ते दर साली?"

"हो. ऐकतच नाही कुणी."

"बोललीस तर रडतीस, मग कोन ऐकंल? लिव्ह की. शाळा एवढी शिकलीस."

म्हणून शैलाताई, ही गंमत. डॉक्टर, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर आता देते. हो. काका खोटं बोलले. किनाऱ्यावर, सगळ्यांसमोर, माझ्यासाठी. घड्याळाकडे त्यांचं लक्ष पूर्ण वेळ होतं. कागदावर मला मध्येच कुणी जवळ घेऊ शकत नाही, म्हणून हे वाक्य इथं पूर्ण होतंय. पक्षी यादीत घालू नका. त्याला त्या संध्याकाळी दोघं हवे होते आणि एकजण गप्प बसली. रीत तीच राहू द्या.

नियम मात्र ठेवा. चांगला नियम आहे, सोलापूरच्या माणसांना तो हवाच. नाव तेवढं बदला. केतकी माने नियम म्हणा.

काका, पुढच्या हिवाळ्यात पहिल्या सकाळी सगळे वाळूवर उभे असतील, शैलाताई वही उघडतील आणि माझं नाव मोठ्यानं वाचतील. सगळे वळून माझ्याकडे बघतील. मी पुढच्या रांगेत उभी असेन. मला फार भीती वाटते आहे, आणि मी जाणार आहे.

तुमची,
मॅडम